आर्सचे धर्मगुरू संत जॉन मारिया व्हियानी



महोत्सवाच्या या स्मरणिकेत आपल्या देवळाच्या उभारणीचा इतिहास, येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नामावली आणि उदार हस्ते साहाय्य करणाऱ्यांचे आभार या गोष्टी यथास्थित येतीलच. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ दगड, चुना व कौले नव्हेत. एका मनुष्याने आपले ईश्वरी पाचारण ओळखून ते शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवले, तर एखाद्या अप्रसिद्ध खेड्याचे केवढे परिवर्तन होते, याचे उदाहरण ज्यांच्या चरित्रात सापडते, अशा एका पुण्यपुरुषाची कथा येथे सांगण्याचे योजिले आहे. सर्व जगातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत आहेत. त्यामुळे अशा प्रसंगी त्यांचे स्मरण उचितच होय.

या कथेचे आणखीही एक कारण आहे. आपल्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या अंतःकरणात एखाद्या सत्कार्याची ओढ असते. कोणास शिक्षक व्हावेसे वाटते, कोणास रुग्णसेवा करावीशी वाटते, कोणास देवाच्या वेदीजवळ उभे राहावेसे वाटते. परंतु आपल्या अंगी तेवढी योग्यता नाही, हे काम थोरामोठ्यांचे, असे म्हणून ती ओढ ते मनातच जिरवून टाकतात. आणि आपण वडील माणसेही परीक्षेतील गुणांकडे बोट दाखवून त्यांच्या संशयास दुजोरा देतो. ज्यांचे चरित्र आपण पाहणार आहोत, त्यांना तर शाळेने, सेमिनरीने व स्वतःच्या मनानेही अपात्र ठरविले होते. तरीसुद्धा ते संत झाले. हे कसे घडले, ते पाहू.

फ्रान्स देशातील लियों या मोठ्या शहरानजीक दार्दीयी नावाचे एक गाव आहे. तेथे मॅथ्यू व्हियानी व मारी बेलूझ या शेतकरी दांपत्याच्या पोटी ८ मे १७८६ रोजी जॉनचा जन्म झाला. तो अवघा तीन वर्षांचा असतानाच, १७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. पुढील काही वर्षांत देवळे बंद झाली, घंटा मुक्या झाल्या आणि नव्या राजसत्तेची शपथ घेण्याचे नाकारणाऱ्या धर्मगुरूंना जीव मुठीत धरून लपतछपत फिरावे लागले. असे धर्मगुरू वेषांतर करून रात्री-अपरात्री एखाद्या कोठारात वा शेतघरात पवित्र मिस्सा अर्पण करीत. व्हियानी कुटुंब अंधारातून मैलोगणती चालत त्या मिस्सेला जात असे. १७९९ साली तेरा वर्षांच्या जॉनने पवित्र ख्रिस्तशरीर प्रथमच स्वीकारले, तेही एकुली गावातील एका घरात. आतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये, म्हणून खिडक्यांपुढे गवताने भरलेल्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. एका मिस्सेसाठी प्राण पणास लावणारी माणसे त्या बालकाने डोळ्यांनी पाहिली. धर्मगुरू होण्याची त्याची इच्छा या दिवसांतच अंकुरली, यात नवल ते काय?

परंतु इच्छा मोठी आणि साधने तुटपुंजी, अशी त्याची स्थिती होती. क्रांतीच्या धामधुमीत त्याचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते. मेंढरे राखणे, नांगर धरणे, द्राक्षमळ्यात खपणे यातच त्याचे बाळपण सरले. मनातील हेतू त्याने आईजवळ उघड केला, तेव्हा त्या धर्मशील माउलीला धन्यता वाटली. वडिलांनी मात्र नकार दिला. ते दुष्ट नव्हते. शेतावर हातांची गरज होती, घरखर्चाचा ताळमेळ बसत नव्हता आणि एवढ्या वाढलेल्या मुलाने लॅटिनची अक्षरे गिरवीत बसावे, हे त्या व्यवहारी कुणब्याला पटण्याजोगे नव्हते. जॉनने वाद घातला नाही व आशाही सोडली नाही. सुमारे दोन वर्षांनी पित्याचे मन द्रवले आणि वयाच्या विसाव्या वर्षी हा तरुण एकुली येथील धर्मगुरू फादर बाले यांच्या लहानशा पाठशाळेत दाखल झाला.

या फादर बाले यांचे नाव वाचकांनी विसरू नये, कारण ही कथा जितकी जॉनची आहे, तितकीच ती त्यांचीही आहे. क्रांतीच्या काळात जिवाची पर्वा न करता ज्यांनी लपूनछपून संस्कार दिले, त्यांपैकी ते एक होते. विद्वान, कडक आणि तपस्वी अशा या पुरुषाने समोर उभ्या राहिलेल्या शेतकरी पोराकडे पाहिले आणि याच्यातून देव काही घडविणार, अशी त्यांची खूणगाठ पटली. पुढे अकरा वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ती गाठ सुटू दिली नाही.

लॅटिन भाषा जॉनला काही केल्या येईना. नांगराला सरावलेले हात लेखणीला अडखळत आणि रात्री पाठ केलेले सकाळी स्मरणातून निघून जाई. बारा-तेरा वर्षांचे सहाध्यायी भराभर पुढे जात, आणि हा विशीतला तरुण त्यांच्यामध्ये खाली मान घालून बसे. त्यांपैकी मातियास लोरास नावाचा एक हुशार मुलगा त्याला शिकविण्यास साहाय्य करी. एके दिवशी त्या मुलाचा संयम सुटला आणि त्याने सर्वांदेखत जॉनला मारले. वयाने व बळाने मोठा असलेला जॉन त्या पोरापुढे गुडघे टेकून क्षमा मागू लागला. मुलाला रडू कोसळले आणि त्याने जॉनला मिठी मारली. हाच लोरास पुढे अमेरिकेतील दुबुक धर्मप्रांताचा पहिला बिशप झाला.

या अपमानांनी नव्हे, पण स्वतःच्या मंदपणाने जॉनचे धैर्य खचले. घरी परत जावे आणि पुन्हा नांगर धरावा, असा विचार बळावू लागला. तेव्हा १८०६ साली त्याने एक नवस केला. ला लूव्हेस येथे संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांची समाधी आहे. सुमारे शंभर किलोमीटरचा तो मार्ग त्याने पायी, वाटेत भिक्षा मागत आक्रमिला. अंगाने धडधाकट असलेल्या या भिकाऱ्याला कित्येक दारांतून हाकलून देण्यात आले. समाधीपाशी त्याने काय मागितले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विद्वत्ता मागितली नाही, कीर्ती मागितली नाही. धर्मशास्त्राचा अभ्यास करता येईल एवढेच लॅटिन मागितले. तेथून परतल्यावर तो पंडित झाला नाही. परंतु निराशेचा पगडा सैल झाला आणि थोडेथोडे का होईना, पाऊल पुढे पडू लागले.

इतक्यात दुसरे संकट ओढवले. सम्राट नेपोलियनची स्पेनमध्ये लढाई चालू होती. धर्मगुरुपदाच्या विद्यार्थ्यांना लष्करी चाकरी माफ असे. परंतु जॉनचे नाव त्या यादीत नव्हते आणि १८०९ साली त्याला सैन्यात दाखल होण्याचा हुकूम आला. तो आजारी पडला व लियों आणि रोआन येथील इस्पितळांत त्याला राहावे लागले. जानेवारी १८१० मध्ये त्याची तुकडी त्याला मागे टाकून पुढे निघून गेली. तिला गाठण्याच्या प्रयत्नात वाटेत भेटलेल्या एका तरुणाने त्याला डोंगरातील ले नोए या गावी नेले. तेथे पळपुटे सैनिक लपून राहत असत. परिस्थितीच्या ओघात तोही त्यांच्यातील एक झाला. एका सहृदय विधवेच्या घरी नाव बदलून तो राहिला, शेतावर राबला आणि गावच्या मुलांना शिकवू लागला. त्याच वर्षी सम्राटाच्या विवाहानिमित्त अशा सैनिकांना माफी जाहीर झाली आणि त्याच्या ऐवजी त्याच्या धाकट्या भावाने चाकरी पत्करली. १८११ च्या आरंभी जॉन घरी परतला. त्यानंतर लवकरच, ज्या आईने त्याच्या इच्छेला प्रथम आशीर्वाद दिला होता, तिने इहलोक सोडला. बंधुभगिनींनो, या वेळी त्याचे वय जवळजवळ पंचवीस वर्षांचे होते. हाती विद्या नाही, वाया गेलेला काळ, भावावर पडलेला भार व आईचा वियोग! आपण स्वीकारलेला मार्ग देवाला मान्य नसावा, असे मानण्यास याहून सबळ कारणे कोणती हवीत?

तरी तो पुन्हा फादर बाले यांच्याकडे आला. १८१२ साली त्याला व्हेरिएर येथील लहान सेमिनरीत धाडण्यात आले आणि पुढील वर्षी लियोंच्या मोठ्या सेमिनरीत. तेथे सर्व पाठ लॅटिनमध्ये चालत. प्रश्नच समजत नसे, मग उत्तर कोठून येणार? काही महिन्यांतच त्याला नापास ठरवून घरी पाठविण्यात आले. आता वेदीची आशा सोडून द्यावी आणि एखाद्या धार्मिक संघात साधा बंधू म्हणून सेवा करावी, असे त्याच्या मनाने घेतले. हा विचारही पवित्रच होता. परंतु फादर बाले यांनी त्याला थांबविले, आपल्या घरी ठेवून घेतले आणि धर्मशास्त्र फ्रेंच भाषेत समजावून देण्यास आरंभ केला. पुन्हा परीक्षकांपुढे उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा भीतीने त्याची पुरती गाळण उडाली. मग फादर बाले यांच्या विनंतीवरून त्याची परीक्षा एकुली येथेच, त्याला समजणाऱ्या भाषेत घेण्यात आली, आणि त्याची उत्तरे समाधानकारक आढळली. अखेर प्रकरण धर्मप्रांताच्या विकार जनरलपुढे गेले. हा विद्यार्थी भक्तिमान आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. भक्तीच्या बाबतीत तो आदर्शच आहे, असे उत्तर मिळताच त्यांनी त्याला दीक्षा देण्यास संमती दिली. उरलेले काम देवाची कृपा करील, असा भरवसा त्यांनी व्यक्त केला.

१८१५ च्या ऑगस्ट महिन्यात, उन्हाच्या तापात, शत्रुसैन्याने व्यापलेल्या मुलखातून जॉन एकटाच ग्रेनोब्लपर्यंत चालत गेला आणि १३ ऑगस्ट रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्या दिवशी दुसरा उमेदवार नव्हता, सोबत आप्त नव्हते, मेजवानी नव्हती. त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते. फादर बाले यांचे सहायक म्हणून ते एकुलीस परतले. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार मात्र त्यांना लगेच देण्यात आला नाही. काही महिन्यांनी तो मिळाला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रथम कुमसाराला कोण गुडघे टेकून बसले असेल? स्वतः फादर बाले! गुरूने शिष्यावर याहून मोठा विश्वास तो कोणता दाखवावा? डिसेंबर १८१७ मध्ये हे थोर पुरुष निवर्तले.

फेब्रुवारी १८१८ मध्ये फादर व्हियानी यांची आर्स येथे नेमणूक झाली. लियोंच्या उत्तरेस असलेल्या या गावी सुमारे दोनशे तीस माणसांची वस्ती होती. चार दारूगुत्ते, रविवारी शेतकाम व नाचरंग आणि ओस पडलेले देऊळ अशी तेथील अवस्था होती. त्या गावात देवप्रीती फारशी नाही, ती त्यांनी निर्माण करावी, असे त्यांना निघताना सांगण्यात आले. धुक्यात वाट चुकली, म्हणून त्यांनी एका गुराखी मुलाला रस्ता विचारला. आणि तू मला आर्सची वाट दाखविलीस, मी तुला स्वर्गाची वाट दाखवीन, अशा अर्थाचे बोल ते त्याच्याशी बोलले, असे सांगतात. आज त्या ठिकाणी दोघांचा पुतळा उभा आहे.

त्यांनी कामाची सुरुवात कशी केली? पहाटेच्या अंधारात ते देवळात जात आणि आपल्या लोकांसाठी प्रार्थना करीत. उकडलेल्या बटाट्यांवर गुजराण करून ते उपवास करीत. एकेका घरी जाऊन पिके, गुरेढोरे व मुलेबाळे यांची विचारपूस करीत. प्रवचन तयार करणे हा तर त्यांचा आठवड्याचा यातनाभोग होता. साक्रिस्तीत बसून रात्र-रात्र ते ग्रंथांतून उतारे काढीत, पाठ करीत आणि इतके करूनही प्रवचनपीठावर कधी कधी त्यांचा धागा तुटे व त्यांना खाली उतरावे लागे. त्यांचे प्रारंभीचे उपदेश कठोर असत. पुढे पापी जनांची दुःखे ऐकता ऐकता त्यांची वाणी मवाळ होत गेली. हळूहळू गुत्ते बंद पडले, रविवार पाळला जाऊ लागला आणि देऊळ भरू लागले. १८२४ साली त्यांनी गरीब मुलींसाठी एक मोफत शाळा काढली. पुढे ती अनाथ मुलींचे घर बनली. ज्यांना स्वतःला शाळा नीट लाभली नव्हती, त्यांनी शाळा उघडावी, यात एक प्रकारचे ईश्वरी औचित्य दिसते.

त्यांची कीर्ती पसरली आणि माणसे दुरून येऊ लागली. १८५५ च्या सुमारास वर्षाकाठी वीस हजार यात्रिक त्या चिमुकल्या गावी येत असत. लियों येथे आर्ससाठी रेल्वेच्या खास तिकिटांची सोय करावी लागली व ती तिकिटे आठ दिवस चालत, कारण त्याआधी पापनिवेदनाची पाळी लागण्याचा भरवसा नसे. मध्यरात्रीनंतर उठून ते देवळात जात आणि दिवसाचे सोळा-सोळा तास त्या अरुंद जागेत बसून राहत. हिवाळ्यात थंडीने पाय गारठत, उन्हाळ्यात जीव गुदमरे. मोठमोठे पंडितही आपल्या अंतःकरणाची गाठ सोडवून घेण्यास येत. लॅटिनच्या परीक्षेत नापास झालेल्या मनुष्याला माणसाचे मन मात्र उघड्या पुस्तकाप्रमाणे वाचता येत होते.

आता कोणी म्हणेल, एवढे यश पाहिल्यावर त्यांच्या मनातील शंका मावळली असेल. बंधुभगिनींनो, या चरित्राचे मर्म येथेच आहे. ती मावळली नाही. आजूबाजूच्या काही धर्मगुरूंनी, अशा अज्ञानी मनुष्याकडे धर्मग्राम सोपवू नये, अशा आशयाचा अर्ज बिशपसाहेबांसाठी तयार केला. फिरत फिरत तो कागद फादर व्हियानींच्याच हाती पडला. त्यांनी तो वाचला, खाली आपली सही केली आणि पुढे पाठवून दिला! अर्जातील मजकूर खराच आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बेलेचे बिशप दव्ही यांनी मात्र त्यांना त्या जागेवरून हलविले नाही.

एवढ्यावरच हे थांबले नाही. इतक्या जिवांची जबाबदारी आपल्यासारख्या अपात्राने वाहू नये, कोठेतरी एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी अश्रू ढाळावे, हा विचार त्यांना वर्षानुवर्षे छळीत राहिला. १८४३ साली मोठ्या दुखण्यातून उठल्यावर ते रात्री गुपचूप निघून दार्दीयीस आपल्या भावाच्या घरी गेले. यात्रिक तेथेही पोहोचले आणि थोड्याच दिवसांत ते आर्सला परतले. १८५३ च्या सप्टेंबर महिन्यात पुन्हा तसेच घडले. मध्यरात्री ते बाहेर पडले. परंतु बातमी फुटली होती. देवळाची घंटा घणघणू लागली, लोक कंदील घेऊन धावले आणि वाट अडवून विनवू लागले. वृद्ध धर्मगुरू क्षणभर थबकले. मग ते मागे फिरले, देवळात गेले आणि पापनिवेदन ऐकण्यास बसले.

त्या रात्रीचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. स्वतःविषयीच्या शंकेची दोन रूपे असतात. आपण लहान आहोत, हे तिचे पहिले रूप. ते सत्य आहे आणि मनुष्याला प्रार्थनेकडे नेते. आपण लहान आहोत म्हणून देवाला आपला उपयोग नाही, हे तिचे दुसरे रूप. ते असत्य आहे, आणि पुष्कळदा ते नम्रतेचा झगा पांघरून येते. मोशेला आपली जीभ जड वाटली, यिर्मयाला आपले वय कोवळे वाटले, पेत्राला आपल्या पापाची लाज वाटली. तरी देवाने त्यांच्यापैकी कोणासही घरी परत धाडले नाही. फादर व्हियानी पहिल्या रूपाशी आयुष्यभर मैत्रीने राहिले. दुसऱ्या रूपाने त्यांना अनेकदा दाराबाहेर नेले; पण लोकांच्या गरजेची घंटा वाजली की ते माघारी येत. आत्मविश्वास येईल तेव्हा काम करू, असे म्हणून ते थांबले असते, तर आर्सच्या देवळातील ती जागा कायमची रिकामी राहिली असती.

बहुमानांनीही त्यांच्या मनाचा तोल ढळला नाही. १८५२ साली त्यांना कॅननची पदवी मिळाली, तेव्हा तिच्यासोबत आलेले मानाचे वस्त्र त्यांनी विकले आणि ते पैसे धर्मकार्यात घातले. १८५५ साली सरकारने त्यांना सन्मानचिन्ह दिले. ते त्यांनी अंगावर कधी मिरविले नाही. ४ ऑगस्ट १८५९ रोजी पहाटेपूर्वी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शांतपणे प्राण प्रभूच्या स्वाधीन केला. एकेचाळीस वर्षे ते त्याच एका खेड्यात होते. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली त्यांना धन्यवादित आणि पोप अकरावे पायस यांनी ३१ मे १९२५ रोजी संत म्हणून घोषित केले. १९२९ साली ते धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरले. त्यांचा सण ४ ऑगस्ट रोजी पाळला जातो.

तरुण मुलामुलींनो, तुमच्या अंतःकरणातील ओढ खरी की खोटी, हे ओळखण्यास या संताचे जीवन तीन कसोट्या देते. अपयशाचे तडाखे बसूनही ती ओढ टिकते काय? तिच्यासाठी नीरस कष्ट रोज उपसण्याची तुमची तयारी आहे काय? आणि तुम्हाला जवळून ओळखणारा एखादा शहाणा, देवभीरू मनुष्य तिला दुजोरा देतो काय? या तिन्ही कसोट्यांना ती उतरली, तर मनातील भीती जाण्याची वाट पाहू नका. भीतीला सोबत घेऊन चालू लागा.

आणि आईबापांनो, शिक्षकांनो व माझ्या धर्मगुरू बंधूंनो, आपल्यासाठी फादर बाले यांचे उदाहरण आहे. ते नसते, तर जगाला आर्सचे संत लाभले नसते. आपल्या या धर्मग्रामाच्या एखाद्या बाकावर आज असेच एखादे मूल खाली मान घालून बसले असेल. महोत्सवाची तोरणे उतरतील, रोषणाई विझेल. परंतु त्या मुलाकडे पाहून त्याची पाठ थोपटणारा कोणी आपल्यातून निघाला, तर हा महोत्सव खऱ्या अर्थाने सफल झाला, असे म्हणता येईल. संत जॉन मारिया व्हियानी यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपणां सर्वांना आपापले पाचारण ओळखण्याची व ते तडीस नेण्याची कृपा देवो, हीच त्याच्या चरणी नम्र प्रार्थना. आमेन.